पुढचं दार उघडं, मागचं बंद

आम्ही नवरा-बायको म्हातारपणी श्रीलंकेत राहायला जाणार हे कळलं, तेव्हा श्रीरामपुरातल्या आमच्या गल्लीत एकच म्हण फिरली: लंकेत सोन्याच्या विटा. तोंडावर कुणी म्हटली नाही. मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होते मी, माझ्या तोंडावर बोलायची कुणाला सवय नाही. पण भाजी घेऊन पाठ वळवली की मागून हसू यायचं आणि मला ते ऐकू यायचं. फळ्याकडे तोंड करून मागच्या बाकावरची कुजबुज ओळखण्यात माझा जन्म गेलाय.

जायचं खूळ माझं नव्हतं, कल्याणरावांचं होतं. साखर कारखान्यातले केमिस्ट. उसाचा वास येईल तिथं आमच्या नगर जिल्ह्यातला केमिस्ट पोचतो. कुणी युगांडात, कुणी केनियात, आणि हे श्रीलंकेत. बरीच वर्षं हे तिथं आणि मी इथं शाळेत. मे महिन्याच्या सुट्टीत मी जायचे. डोंगरातल्या त्या गार हवेत ह्यांचा दमा जादू केल्यासारखा थांबायचा. इथं गाळप सुरू झालं आणि मळीचा वास सुटला की रात्रभर उशीला टेकून बसणारा माणूस तिथं घोरायचा. तेवढ्यावरच ह्यांनी डोंगरउतारावर एक कौलारू घर घेतलं. परदेशी माणसाला तिथं जमीन विकत मिळत नाही, म्हणून नव्याण्णव वर्षांच्या लीजवर. मी म्हटलं, ''अहो, मुदत संपेल तेव्हा माझं वय दीडशेच्या पुढं असेल. मुदत वाढवून घ्यायला तुम्हीच जा.''

आम्हाला मूलबाळ नाही. म्हातारपणाची काठी म्हणाल तर ते घर. साठीनंतर तिथं राहायला मिळावं म्हणून तिथल्या बँकेत ठेव ठेवावी लागते, तीही ठेवली. आणि दिवाळीनंतर श्रीरामपूरचं घर गोरक्षनाथला विकून टाकलं. बी-बियाण्याच्या दुकानात चांगला पैसा मिळवलेला, बोलायला गोड माणूस. मे अखेरपर्यंत इथं राहायची त्यानं मुभा दिली. म्हणजे आता आमच्या डोक्यावरचं छप्पर काय ते समुद्रापलीकडे.

आणि मग तिकडचं सगळं बसलं. आधी पेट्रोल गेलं, मग गॅस, मग मुलांची दूध पावडर, मग वीज. टीव्हीवर माणसं सिलिंडरला साखळ्या बांधून रस्त्यावर झोपलेली दिसायची. आमची ठेव बँकेत होती, पण बँक म्हणायची, सध्या थांबा. घर विकायला काढावं तर तिथं घ्यायला कोण बसलंय? कल्याणराव म्हणायचे, ''मंदी येते नि जाते. उसासारखंच असतं, एक वर्ष वाईट गेलं म्हणून कुणी मोळी टाकून पळतं का?'' मी घाबरले होते. साधी सरळ घाबरले होते, रात्री अंथरुणात पाय गार पडायचे.

तिकडच्या घरात आमचं एकच माणूस होतं, कुसुमा. नाव आपल्याकडचं वाटतं, पण बाई तिथलीच, पन्नाशीची, नवरा नसलेली. कारखान्याच्या मेसमध्ये आपल्या हिंदुस्थानी इंजिनियरांना स्वयंपाक करून घालायची, त्यांच्याकडून मोडकीतोडकी हिंदी शिकली आणि ज्वारी मिळाली तर भाकरीही थापायची. पुढं मेस बंद पडली, तिला आम्ही घरात ठेवली. मी तिच्याशी हिंदीत बोलायचे. इथं सगळं मराठीतच सांगते.

तिला ठेवली ती आमच्या गोजराक्कांच्या सांगण्यावरून. गोजराक्का म्हणजे कल्याणरावांची थोरली बहीण, कर्जतकडच्या. घर घेतलं तेव्हाच त्यांनी बजावलं होतं. ''घर रिकामं ठिवू न्हाई. दिवेलागणीला दिवा लागलाच पायजे. पुढलं दार उघडायचं, मागलं लावून घ्यायचं. लक्ष्मी पुढल्या दारानं येती अन् मागलं उघडं दिसलं की तशीच निघून जाती.'' हे काही नवीन नव्हतं. माझ्या आईकडेही असंच होतं, आणि चार बुकं शिकूनही तिन्हीसांजेला मागचं दार लावल्याशिवाय मला चैन पडत नाही.

त्याच आक्कांनी दुसरी भीतीही घातली. ''पर त्या बाईला पाय पसरू दिऊ नगं, पंकजे. आमच्या आज्यानं रान दुसऱ्याला कसायला दिलं हुतं. कसता कसता त्यो कूळ लागला अन् आमी बांधावर उभं ऱ्हायलो. वस्तीला ठिवलेलं मानूस कवा धनी हुतंय, कळत न्हाई.''

म्हणून कुसुमाला स्वयंपाकघराशेजारची खोली दिली. बैठकीत तिनं आपलं सामान मांडायचं नाही, असं मीच सांगितलं. कल्याणरावांनी कौलांवर सोलरची पॅनेलं बसवली होती आणि बॅटरी ठेवली होती. व्हरांड्यात एक कॅमेरा, बैठकीत एक. रोज संध्याकाळी मी इथं श्रीरामपुरात मोबाईल उघडायचे आणि दोन गोष्टी बघायचे. दिवा लागलाय ना, आणि कुसुमाची सतरंजी बैठकीत आलेली नाही ना. घड्याळ दोन्हीकडं एकच, त्यामुळे तिकडची तिन्हीसांज आणि इकडची जवळजवळ बरोबरच व्हायची. सतरंजी कधी दिसली नाही. कुसुमा मात्र दिसायची. व्हरांड्यातला मोठा दिवा लावायची, दार सताड उघडायची आणि कॅमेऱ्याकडे बघून हात जोडायची. मला बरं वाटायचं, आणि ते बरं वाटणं मालकिणीचं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

एप्रिलात एकदा तिचा फोन आला. ''मॅडम, संध्याकाळचा दिवा बंद ठेवू का? पूर्ण उतारावर वीज नसते. फक्त आपलंच घर दिसतं. लोक विचारतात, हे कुणाचं घर?''

''सांग की आमचं म्हणून.''

''सांगते. पण ते म्हणतात, एवढी वीज पुढाऱ्याच्या घरातच असते. जनरेटरला डिझेल भरून ठेवलं असेल, म्हणतात.''

आमच्याकडे भारनियमन पाचवीला पुजलेलं. गल्लीत दर तिसऱ्या घरात इन्व्हर्टर. उजेड दिसला म्हणून कुणी कुणाच्या दारात आलेलं मी पाहिलं नव्हतं. मी तिला म्हटलं, ''दिसू दे की. बंद घर दिसलं तर चोर येतात. दिवा लावायचा, पुढचं दार उघडायचं, मागचं बंद.'' ती हो म्हणाली. कुसुमा नाही कधी म्हणायचीच नाही. मागचं दार तर तिनं मनानंच कायमचं लावून टाकलं होतं आणि त्याला तांदळाचं पिंप टेकवून ठेवलं होतं. हे मला तेव्हा तिनं कौतुकानं सांगितलं, आणि मीही शाबास म्हटलं.

मे महिन्यात आमची बांधाबांध सुरू झाली. आक्का मदतीला आल्या होत्या. मदत म्हणजे खाटेवर बसून मी काय टाकते आणि काय ठेवते यावर देखरेख. त्या दिवशी दुपारपासून टीव्हीवर तिथल्या पुढाऱ्यांची घरं जळताना दाखवत होते. गाड्या उलथ्या केलेल्या, बंगल्यांतून धूर. कल्याणरावांनी टीव्ही बंद केला. ''आपलं घर डोंगरात आहे,'' ते म्हणाले, ''तिथं कोण कशाला जाईल?'' पण रिमोट त्यांच्या हातातून खाली पडला.

दिवेलागण झाली. मी मोबाईल उघडला. दिवा लागलेला होता. पुढचं दार उघडं होतं. आणि फाटकाबाहेर माणसं उभी होती.

आधी मला वाटलं, आठ-दहा असतील. मग दिव्याच्या उजेडाच्या कडेला आणखी चेहरे दिसायला लागले. बायकाही होत्या त्यात, एकीच्या कडेवर मूल होतं. कुणी ओरडत नव्हतं. नुसती बोलत होती सगळी, आणि बोलणं वाढत होतं. एकाच्या हातात रिकामा प्लास्टिकचा कॅन होता, दुसऱ्याच्या हातात लोखंडी गज.

''काय म्हणतायत?'' मी कल्याणरावांना विचारलं. त्यांना तिथली भाषा येते.

ते ऐकत राहिले. ''काही नाही,'' म्हणाले.

''अहो, काय म्हणतायत?''

''डिझेल कुठंय, विचारतायत. घर मंत्र्याच्या माणसाचं आहे, म्हणतायत. आणखी एक जण काहीतरी...'' ह्यांनी वाक्य अर्धं सोडलेलं मी लग्नापासून कधी ऐकलं नव्हतं.

मी कल्याणरावांच्या मोबाईलवरून कुसुमाला फोन लावला. बैठकीतल्या कॅमेऱ्यात ती दिसत होती. भिंतीला पाठ लावून उभी, पदर तोंडाशी धरलेला. तिनं फोन उचलला आणि अगदी हळू म्हणाली, ''मॅडम, आलेत.''

''दिसतायत मला. दार लाव.''

''दाराशी गेले तर त्यांना मी दिसेन.''

माझ्या शेजारी आक्का वाकून मोबाईलात बघत होत्या. ''तिला म्हनावं, उंबऱ्यात बस. बाईमानसाच्या अंगावर कुनी येत न्हाई. उंबरा सोडला की संपलं. यकदा का लोकं आत शिरली, घर गेलंच म्हन.''

''आक्का बरोबर बोलतेय,'' कल्याणराव म्हणाले. त्यांना धाप लागली होती. ''तिनं त्यांना सांगावं, घर रिटायर माणसाचं आहे, आत काही नाही, बघून जा. पंकजा, ताबा गेला तर परत मिळणार नाही. तिथं आता पोलीस नाहीत, कोर्ट नाही. आपण जायचं कुठं?''

आपण जायचं कुठं. मलाही तेच दिसत होतं. खोकी बांधून ठेवलेलं हे घर गोरक्षनाथचं झालेलं, आणि ते घर लोखंडी गजाच्या टोकावर. कुणाच्या तरी पडवीत, कुणाच्या तरी उपकारावर, दम्याचा पंप चाचपडत बसलेले कल्याणराव मला दिसले. आणि मी कुसुमाला लगेच काही बोलले नाही. उंबऱ्यात बस, हे शब्द माझ्या तोंडात तयार होते. ती बसली असती. मी सांगितलेलं तिनं कधी टाळलं नव्हतं.

तेवढ्यात फाटक वाजलं. कडी तुटली नाही, नुसतं हलवून बघितलं कुणीतरी. कुसुमाच्या तोंडून आवाज निघाला. किंकाळी नव्हती ती. शाळेत एकदा एका मुलीचा हात दारात सापडला होता, तेव्हा ती ओरडायच्या आधी जसा श्वास घेतला गेला होता, तसा.

''कुसुमा,'' मी म्हटलं, ''मागच्या दारानं जा.''

''पंकजा,'' कल्याणराव म्हणाले.

''तुम्ही थांबा. कुसुमा, ऐक. स्वयंपाकघरात जा. आधी मेन स्विच बंद कर, म्हणजे अंधार होईल. मग पिंप बाजूला कर, मागचं दार उघड आणि खालच्या चहाच्या मळ्यातून निघून जा. सामान घेऊ नकोस.''

''मेन बंद केला तर कॅमेरा पण जाईल, मॅडम. तुम्हाला घर दिसणार नाही.''

''नको दिसू दे.''

''आणि घर?''

आक्कांनी माझं मनगट धरलं. धरून ठेवलं नुसतं. व्हरांड्याच्या कॅमेऱ्यात एक माणूस फाटकावर चढत होता. चप्पल काढून ठेवली होती त्यानं खाली, देवळात शिरताना काढतात तशी. का कोण जाणे, त्या चपलेची मला सर्वांत जास्त भीती वाटली. उडी मारून परत पळायचा त्याचा विचार नव्हता.

''घराचं मी बघते,'' मी म्हटलं. ''तू जा.''

ती कॅमेऱ्यातून बाहेर गेली. मग दोन्ही चित्रं एकदम काळी झाली. फोन मात्र चालू होता. पिंप ओढल्याचा आवाज आला, फरशीवर घासत, थांबत, पुन्हा घासत. तांदूळ भरलेलं पिंप, एकटी बाई, आणि तिचा कायमचा दुखरा गुडघा. मागे कुठंतरी काच फुटली. पिंपाचा आवाज थांबला. मी म्हणत होते, ''ओढ, कुसुमा, ओढ,'' आणि कल्याणराव माझ्या शेजारी उभे राहून तेच म्हणत होते, तिच्या भाषेत. पुन्हा घासल्याचा आवाज आला. मग कडीशी झटापट. ओल धरलेली कडी, कितीतरी महिन्यांत न हललेली. मग माणसांचे आवाज अगदी जवळ आले आणि फोन बंद पडला.

रात्र कशी गेली ते सांगत नाही. पुन्हा पुन्हा फोन लावला. दर वेळी तीच रेकॉर्ड केलेली बाई तिथल्या भाषेत काहीतरी सांगायची, आणि कल्याणराव सांगायचे, ''फोन बंद आहे म्हणतेय.'' पहाटे पहाटे ते म्हणाले, ''तू बरोबर केलंस.'' मी म्हटलं, ''ती मेली असेल तर?'' त्यांनी पुन्हा नंबर लावला. आक्का भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, पण झोपल्या नव्हत्या. घराची मला तेव्हा आठवणसुद्धा नव्हती, असं मी म्हणणार नाही. होती. पण पिंपाचा तो थांबलेला आवाज कानातून जात नव्हता, आणि पुढं तो सुरू झाला होता की मीच तसं ऐकलं होतं, याची मला खात्री राहिली नव्हती.

सकाळी गोरक्षनाथ आला. बरोबर गवंडी आणि टेप. ''बाई, तुमची गडबड चाललीय म्हनून म्हटलं, आपन हळूच मापं घेऊन जावं. ही मधली भित पाडायची हाय.'' टीव्ही त्यानंही पाहिला असणार, कारण माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, ''तिकडलं घर बरंय ना?'' मी म्हटलं, ''बरंय.'' तो आतल्या खोलीत गेला आणि गवंडी भिंतीवर हातोडीनं ठोकून ती कुठं पोकळ आहे ते बघायला लागला.

तेव्हा फोन वाजला. अनोळखी नंबर, पण तिकडचा. कल्याणरावांनी तो उचलून माझ्या कानाला लावला.

''मॅडम, मी कुसुमा.''

मी रडले. घरात गवंडी असताना, गोरक्षनाथ असताना, मोठ्यानं रडले. शाळेतल्या कुणीच माझ्यावर विश्वास ठेवला नसता. आक्का खाटेवर उठून बसल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावून कुणाला तरी नमस्कार केला.

मळ्यात ती घसरली होती, पाय मुरगळला होता, रात्र चहाच्या झाडांखाली बसून काढली. आता खालच्या देवळात होती, कुणाच्यातरी फोनवरून बोलत होती. घर जाळलं नव्हतं. डिझेल सापडलं नाही म्हणून आधी चिडले, मग बॅटरी आणि पॅनेलं काढून नेली. आणि आता आत माणसं राहत होती. उताराखालच्या मळ्यात काम करणारी कुटुंबं, ज्यांचं काम गेलं होतं आणि ज्यांच्याकडे भाड्याला पैसे उरले नव्हते. ती सकाळी लांबून बघून आली होती. पोरं व्हरांड्यात खेळत होती, म्हणाली. ''ते म्हणतात, मालक येणार नाही. खरं का, मॅडम?''

मी कल्याणरावांकडे बघितलं. त्यांना ऐकू गेलं होतं. ते खोक्यावर बसले, ज्यात आमची भांडी होती.

''तुझं सामान?'' मी विचारलं.

''आत आहे. तुम्ही सांगितलं होतं घेऊ नको.'' तिनं माझी माफी मागितली, पुढचं दार लावता आलं नाही म्हणून. मग तिनं विचारलं, ''मॅडम, मी आता कुठं जाऊ?''

आत हातोडी ठोकत होती. जन्मभर मी पोरींना एकच शिकवलं, की प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, येत नसेल तर येत नाही म्हणायचं, गप्प उभं राहायचं नाही. मी खोक्यांकडे बघितलं, आक्कांकडे बघितलं, कल्याणरावांच्या छातीच्या वरखाली होणाऱ्या भात्याकडे बघितलं.

''उद्या सांगते,'' मी म्हटलं.

''बरं, मॅडम,'' कुसुमा म्हणाली. ''उद्या किती वाजता?''